दोन महिने फिजिओथेरपी करूनही गुडघा तसाच: व्यायामाचा खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय ६१. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेमध्ये झीज दिसली म्हणून ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली. दोन महिने झाले, त्या आठवड्यातून तीनदा जातात. तिथे पंधरा मिनिटं शेक, पंधरा मिनिटं करंट, मग आडवं पडून सरळ पाय दहा वेळा उचलायचा आणि गुडघ्याखालचा टॉवेल दहा वेळा दाबायचा. त्या दिवशी बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे. जिना उतरताना तर काडीचाही फरक नाही. म्हणून तुम्ही विचारताय की फिजिओथेरपीला खरोखर काही शास्त्रीय आधार आहे का, की नुसतं मनाचं समाधान. आणि आता हे थांबवून सरळ ऑपरेशनकडे वळावं का. जाता जाता मामांचंही लिहिलंय: चार महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला, डावा हात अजून नीट चालत नाही, आणि घरात सगळे म्हणतात की तीन महिन्यांनंतर काही सुधारत नसतं. इतर आजारांत व्यायामाचा उपयोग होतो का, हेही ओझरतं विचारलंय.

मी बरीच वर्षं याच कामात आहे. गुडघे, पाठ आणि पक्षाघातानंतरचं पुनर्वसन हेच माझं रोजचं काम. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या गुडघ्यात नेमकं किती बिघडलंय ते इथून सांगता येणार नाही. पण तुम्ही दिलेल्या तपशिलावरून एक गोष्ट बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. गुडघ्याच्या झिजेत व्यायामाला चांगला आधार आहे. आईंना जे मिळालं त्यातल्या बहुतेक भागाला मात्र तो नाही, आणि ज्या भागाला आहे तो त्यांच्या वाट्याला फारच थोडा आला. त्यामुळे ‘करून बघितलं, उपयोग झाला नाही’ असं म्हणण्याची वेळ अजून आलेलीच नाही.

फिजिओथेरपी या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात. एक म्हणजे पेशंटने पडून राहायचं आणि त्याच्यावर काहीतरी केलं जायचं: शेक, करंट, अल्ट्रासाउंड, लेझर, मसाज. दुसरी म्हणजे पेशंटने स्वतः स्नायूंना काम द्यायचं आणि ते काम आठवड्यागणिक वाढवत न्यायचं. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ साली सांध्यांच्या झिजेबद्दल जे प्रसिद्ध केलं, त्यात व्यायाम हा झीज असलेल्या प्रत्येकाला द्यावा असं म्हटलंय. त्याच कागदात टेन्स आणि इंटरफेरेन्शियल हे करंटचे प्रकार, अल्ट्रासाउंड, लेझर हे देऊ नयेत असंही स्पष्ट लिहिलंय, कारण त्यांचा फायदा पुरेसा सिद्ध झालेला नाही. म्हणजे आईंचा अर्धा तास अशा गोष्टींत जातो ज्यांनी फार तर तात्पुरतं बरं वाटतं, आणि ज्याने गुडघा बदलतो ते शेवटच्या पाच मिनिटांत उरकलं जातं.

शेक वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. सकाळी सांधा आखडलेला असेल तर दहा मिनिटं शेकून मग व्यायामाला लागणं सोयीचं पडतं, आणि ते घरी गरम पाण्याच्या पिशवीनेही होतं. पण शेकाने स्नायूची ताकद वाढत नाही. आईंना त्या दिवशी बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुखतं, याचं कारण हेच.

आता त्या शेवटच्या पाच मिनिटांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण खरी गोम तिथे आहे. सरळ पाय उचलण्याचा व्यायाम चुकीचा नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत किंवा गुडघा खूप सुजलेला असताना मीही तो देते. पण आईंची तक्रार जिना उतरण्याची आहे. आत मोजणारं यंत्र बसवलेले कृत्रिम गुडघे काही पेशंटना घातले गेले आहेत, आणि त्यांवरून जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे साडेतीन पट भार येतो हे प्रत्यक्ष मोजलं गेलंय. सपाट जमिनीवर चालतानाही तो अडीच पटीच्या आसपास असतो. जिना उतरताना हा सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूने, लांबत जाता जाता, आवरून धरायचा असतो. उलट, आडवं पडून पाय उचलताना त्या स्नायूला फक्त गुडघ्याखालच्या पायाचं वजन पेलावं लागतं, तेही गुडघा न हलवता. पाय वर नेण्याचं काम मुख्यतः कमरेजवळचे स्नायू करतात. दोन महिने हे केल्यावर पाय उचलणं सोपं होतं आणि जिना तसाच राहतो. यात आईंचा काही दोष नाही. ज्या कामाची तयारीच झाली नाही ते काम सुधारणार कुठून?

आणखी एक. गुडघा दुखत किंवा सुजलेला असला की मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून येणारा संदेशच दबतो. माणसाने कितीही जोर लावायचा म्हटलं तरी स्नायू पूर्ण आवळला जात नाही. स्नायू कमी वापरला गेला की बारीक होतो, भार सांध्यावर जास्त येतो, दुखणं वाढतं, आणि माणूस हालचाल आणखी कमी करतो. हे चक्र तोडायचं तर स्नायूला रोजच्या हालचालीपेक्षा थोडं जास्त काम द्यावंच लागतं.

ही गोष्ट नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकी सैन्यातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघ्याला दुखापत झालेल्या सैनिकांना हलक्या व्यायामाऐवजी जड वजनं उचलायला लावली आणि १९४५ साली त्यावर लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: कमी वेळा आणि जड उचललं तर ताकद वाढते, जास्त वेळा आणि हलकं उचललं तर दम वाढतो. आज आपण सर्रास ‘दहाचे तीन सेट’ म्हणतो ती पद्धतही त्यांच्याच कामातून रूढ झाली. पण डिलॉर्म यांच्या पद्धतीतले दहा म्हणजे अकरावं जमणार नाही इतक्या वजनाचे दहा. आपल्याकडे फक्त आकडा उरला आणि वजन गळून पडलं. वय झालेल्यांना हे झेपत नाही असं कुणी म्हणेल, तर १९९० साली नव्वदीच्या घरातल्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांवर झालेला एक छोटा प्रयोग आहे. त्यांना एका वेळी जेवढं जास्तीत जास्त उचलता येईल त्याच्या ८० टक्के वजनापर्यंत नेलं गेलं. आठ आठवड्यांत पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तुमची आई ६१ वर्षांची आहे.

व्यायामाकडे औषधासारखं बघा. कोणतं औषध, किती मात्रा, किती दिवस, कधी वाढवायचं हे ठरवल्याशिवाय कुणी गोळी देत नाही. व्यायाम मात्र ‘थोडा थोडा करत जा’ एवढ्यावर दिला जातो. मग मात्रा कमी पडते आणि ‘व्यायामाचा उपयोग होत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

आता फायदा खरोखर किती, तेही सांगते, कारण अवाजवी आशा लावली की महिनाभरातच माणूस सोडून देतो. गुडघ्याच्या झिजेवरच्या व्यायामाच्या चाचण्या एकत्र करून, उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली आढावा घेतला. ० ते १०० च्या मोजपट्टीवर दुखणं सरासरी १२ गुणांनी कमी झालं आणि हालचालीची क्षमता १० गुणांनी सुधारली. देखरेखीखालचा कार्यक्रम संपल्यावर दोन ते सहा महिन्यांनी दुखण्यातला फायदा निम्म्यावर आला. २०२४ च्या सुधारित आढाव्यात लेखकांनी तर असंही म्हटलंय की थोड्या काळासाठी सुधारणा होते, पण ती सरासरी पेशंटला ठळकपणे जाणवण्याइतकी मोठी आहे का याबद्दल खात्री देता येत नाही.

हे वाचून तुम्हाला वाटेल, मग एवढा आटापिटा कशाला? माझं उत्तर असं. एक, तोंडाने घ्यायच्या वेदनाशामक गोळ्यांशी तुलना केली तर फरक फारसा दिसत नाही, आणि गोळ्यांचा पोटावर आणि मूत्रपिंडावर होणारा त्रास व्यायामाने होत नाही. दोन, ही सरासरी आहे. तिच्यात आईंसारखे हलक्या व्यायामावर ठेवलेले लोकही आहेत आणि नेटाने वजन वाढवत गेलेलेही. माझ्याकडे येणाऱ्यांत मी हा फरक सतत बघते: ज्याचा व्यायाम चौथ्या आठवड्यात पहिल्या आठवड्यासारखाच आहे, त्याचा गुडघाही पहिल्या आठवड्यासारखाच असतो. तीन, व्यायाम थांबवला की फायदा ओसरतो. म्हणजे हे ‘एक कोर्स घेतला आणि झालं’ असं नसतं. रक्तदाबाची गोळी थांबवल्यावर रक्तदाब वाढला तर आपण गोळीला निरुपयोगी म्हणत नाही.

तर आईंसाठी मी काय करेन? आधी मोजेन. हातांचा आधार नसलेली, साध्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. आईंनी तिच्या मधोमध बसायचं, पावलं जमिनीवर सपाट, दोन्ही हात छातीवर एकमेकांवर आडवे. ‘सुरू’ म्हटलं की पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, असं ३० सेकंदांत किती वेळा होतं ते मोजायचं. ६० ते ६४ वयाच्या स्त्रीला १२ पेक्षा कमी जमले तर ते सरासरीच्या खाली धरतात. हाताने टेकू घेतल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही तर शून्य लिहायचं. त्यात कमीपणा काही नाही, ती फक्त सुरुवातीची नोंद आहे. सोबत कुणीतरी उभं राहा, आणि बघताना फक्त आकड्याकडे बघू नका. उठताना उजवा गुडघा आत वळतो का? सगळं वजन डाव्या पायावर टाकतात का? खाली बसताना शेवटच्या टप्प्यात धपकन बसतात का? हे धपकन बसणं आणि जिना उतरताना होणारा त्रास बहुतेकदा एकाच कारणाने असतात: लांबत जाताना भार आवरून धरण्याची ताकद स्नायूत उरलेली नसते.

पहिला व्यायामही हाच. धपकन बसत असतील तर खुर्चीवर जाड उशी ठेवून बसण्याची उंची वाढवा, आणि खाली येताना मनात तीनपर्यंत मोजत सावकाश यायला सांगा. आठ ते बारा वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, असे तीन सेट, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. ‘पुरेसं’ कशावरून ओळखायचं? सेट संपल्यावर त्यांना विचारा, अजून किती जमले असते? उत्तर दोन किंवा तीन आलं तर मात्रा बरोबर. ‘अजून दहा केले असते’ असं म्हणाल्या तर व्यायाम हलका पडतोय. मग उशी काढा. मग बसायच्या आधी खुर्चीला टेकता टेकता दोन सेकंद अधांतरी थांबा. मग डावं पाऊल थोडं पुढे सरकवा, म्हणजे उठताना उजव्या पायाला जास्त काम पडेल. मग छातीशी दोन-तीन किलोचं काहीतरी धरून उठा. प्रत्येक पायरी जमायला एक-दोन आठवडे लागतील, कुणाला जास्त. घाई नको, पण एकाच पायरीवर महिनाभर थांबणंही नको.

दुसरा व्यायाम जिन्याचा, कारण तक्रार जिन्याची आहे. दहा सेंटिमीटर उंचीच्या भक्कम पाटावर उजवा पाय ठेवून उभं राहायचं, कठड्याला किंवा भिंतीला हाताने हलका आधार, आणि डावी टाच सावकाश खाली जमिनीला नुसती लावून पुन्हा वर यायचं. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आत वळायला लागला तर उंची कमी करा. हे जमलं की उंची वाढवत नेहमीच्या पायरीएवढी करायची. यांच्या जोडीला कमरेच्या बाजूच्या स्नायूंसाठी पाय बाहेर नेण्याचा एक व्यायाम आणि पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं. एवढं पुरे. चार व्यायाम नीट केलेले पंधरा व्यायाम उरकण्यापेक्षा बरे, आणि लोक पंधरा व्यायाम टिकवत नाहीत हेही खरं.

हे करताना दुखेल. नेमक्या इथेच बहुतेक जण थांबतात आणि तुम्हीही घाबराल, म्हणून नियम सांगून ठेवते. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे, अशी मोजपट्टी धरा. व्यायाम करताना दुखणं पाचपर्यंत गेलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं, किंवा गुडघा सुजला, तर मात्रा जास्त झाली. पुढच्या वेळी एक पायरी खाली उतरा, व्यायाम बंद करू नका. ‘झिजलेल्या गुडघ्यावर जोर टाकला तर तो आणखी झिजेल’ ही भीती मी रोज ऐकते. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, आणि तिचं पोषण भार येऊन सुटण्याच्या क्रियेवर बरंचसं अवलंबून असतं. बेताने वाढवलेल्या व्यायामाने कूर्चेची हानी होते असं चाचण्यांत दिसलेलं नाही. शिवाय कूर्चेत चेतातंतूही नसतात, म्हणूनच ‘जितकी झीज तितकं दुखणं’ हा हिशेब इथे चालत नाही: एक्स-रे भयंकर आणि दुखणं थोडं, किंवा याच्या अगदी उलट, असे गुडघे मी नेहमी बघते. त्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवरून आईंनी स्वतःच्या पायांबद्दलचं मत बनवू नये.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: शेक-करंटमधला वेळ व्यायामाकडे वळवा, व्यायाम आईंच्या नेमक्या अडचणीशी जुळणारा निवडा, तो कठीण वाटेल इतका ठेवा, दर एक-दोन आठवड्यांनी वाढवा आणि महिन्यातून एकदा तीच खुर्चीची चाचणी घेऊन आकडा वहीत लिहा.

वजनाचा विषय तुम्ही काढलेला नाही, पण टाळूनही चालणार नाही. वजन एक किलोने कमी झालं की चालताना प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, ४५४ जणांच्या दीड वर्ष चाललेल्या एका चाचणीत आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं दुखणं यांपैकी एकच करणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालं. आईंचं वजन बेताचं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

माझं म्हणणं कुठे लागू पडणार नाही, तेही स्पष्ट सांगते. गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप असेल. रात्री झोपमोड होईल इतकं सतत दुखत असेल आणि कोणत्याही स्थितीत आराम पडत नसेल. गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल. पोटरी सुजून दुखत असेल. किंवा पडल्यानंतर वजनच टाकता येत नसेल, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे. संधिवाताचा, म्हणजे दाहाचा प्रकार असेल आणि सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा जास्त टिकत असेल, तर औषधोपचार आधी बसवावा लागतो. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा ठिसूळ हाडांमुळे झालेलं फ्रॅक्चर असेल तर व्यायाम करता येतो, पण तो कुणीतरी समोर बसून ठरवलेला हवा. माझ्या या उत्तरावरून नको.

मामांबद्दल. तीन महिन्यांनंतर काही सुधारत नाही हे घरच्यांचं म्हणणं तुम्ही मान्य करू नका. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो, हे खरं. पण अमेरिकेत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक्साइट’ नावाच्या चाचणीत मुद्दाम तीन ते नऊ महिन्यांपूर्वी पक्षाघात झालेले २२२ जण घेतले होते. त्यांच्या चांगल्या हातावर जागेपणीचा बहुतेक वेळ हातमोजा घालून ठेवला आणि दोन आठवडे, रोज सहा तासांपर्यंत, अधू हाताकडूनच कामं करून घेतली. त्यांच्या हाताचा वापर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारला आणि तो फायदा वर्षभरानंतरही दिसत होता. अट एकच: मनगट आणि बोटं थोडी का होईना, स्वतःहून उघडता आली पाहिजेत. मामांचा हात पूर्ण निपचित असेल तर ही पद्धत त्यांच्यासाठी नाही, आणि तसं असताना मोठी आश्वासनं देणाऱ्यांपासून जपा.

मात्रेचा प्रश्न इथेही तोच आहे. २००९ साली संशोधकांनी अनेक केंद्रांत बसून पक्षाघाताच्या पेशंटकडून हाताची किती कामं करून घेतली जातात ते मोजलं. ज्या सत्रांत हाताच्या प्रत्यक्ष कामाचा सराव झाला, त्यांत सरासरी ३२ आवर्तनं होती. हात पुन्हा शिकवायला हे फारच तुटपुंजं आहे. पण नुसते आकडे फुगवले की सुधारणा त्याच प्रमाणात वाढते असंही नाही. जुन्या पक्षाघातात ३,२०० आवर्तनं आणि ९,६०० आवर्तनं यांची तुलना २०१६ साली झाली तेव्हा फरक दिसला नाही. आणि अगदी सुरुवातीला जास्त केलेलं उलटही पडू शकतं: दोन हजारांहून जास्त पेशंटच्या ‘अॅव्हर्ट’ चाचणीत, पक्षाघात झाल्यापासून २४ तासांच्या आत वारंवार आणि जोरात उठवून चालवलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीची काळजी घेतलेल्यांपेक्षा कमी चांगली निघाली. म्हणून मामांच्या बाबतीत मी आवर्तनांइतकंच महत्त्व याला देईन की ते आवर्तन कशाचं आहे. हवेत हात वर-खाली करण्यापेक्षा पेला धरून तोंडापर्यंत नेणं, बटण लावणं, दाराची कडी काढणं. त्यांना ज्या कामाची सगळ्यात जास्त ओढ आहे त्या कामापासून सुरुवात करा. मन लागलं तर माणूस तेच पन्नास वेळा करतो.

इतर आजारांबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय, तर ओझरतंच सांगते. फुफ्फुसांच्या जुनाट अडथळ्याच्या आजारात व्यायामावर आधारलेल्या पुनर्वसनाचा पुरावा इतका पक्का आहे की २०१५ साली कॉक्रेनने ‘याची नेहमीच्या उपचारांशी पुन्हा तुलना करणारे आणखी प्रयोग आता नकोत’ अशी भूमिका घेतली. हृदयविकाराच्या झटक्यानंतरही व्यायामाने पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचं आणि हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण घटतं. म्हाताऱ्या माणसांत तोल आणि ताकदीच्या व्यायामांनी पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं. साध्या कंबरदुखीत फायदा आहे पण माफक, आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं) किंवा कमरेच्या पट्ट्यांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

आता शेवटचा आणि तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा: किती दिवस वाट बघायची आणि ऑपरेशन केव्हा. स्नायूचं स्वतःचं आकारमान वाढायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. त्याआधी वाढते ती ताकद मुख्यतः मेंदू आणि स्नायू यांच्यातलं सूत जुळल्यामुळे. म्हणून वर लिहिलेल्या पद्धतीने बारा आठवडे द्या. मागचे दोन महिने त्यात धरू नका. सध्याच्या फिजिओथेरपिस्टना बदलायलाच हवं असं नाही. त्यांना सरळ विचारा की आईंचं ध्येय काय ठरवलंय, ते कशाने मोजताय, आणि व्यायाम पुढे कसा वाढवणार. अनेकदा पेशंट शेकाचाच आग्रह धरतात म्हणून तोच दिला जातो, आणि घरच्यांनी हे विचारलं की त्यांनाही मोकळेपणाने व्यायाम घेता येतो. उत्तरं मिळालीच नाहीत तर मात्र दुसरीकडे बघा.

कुणी दुर्बिणीतून गुडघा धुऊन देतो म्हणालं तर नको म्हणा. झिजेसाठी हे ऑपरेशन आणि नुसतं वरून चिरा देऊन केलेलं नाटकी ऑपरेशन यांत फरक पडत नाही, हे २००२ सालीच दिसलं आहे. सांधेबदलाचं ऑपरेशन ही वेगळी गोष्ट, आणि ते चांगलं ऑपरेशन आहे. डेन्मार्कमध्ये २०१५ साली सांधेबदलाला पात्र ठरलेल्या १०० जणांची तुलना झाली. व्यायाम, आहार वगैरे सर्वांनाच दिले. निम्म्यांना त्याआधी सांधाही बदलून दिला. वर्षाअखेर लक्षणीय सुधारणा झालेले ऑपरेशनच्या गटात ८५ टक्के होते आणि बिनऑपरेशनच्या गटात ६७ टक्के. गंभीर गुंतागुंत ऑपरेशनच्या गटात जास्त झाली. बिनऑपरेशनच्या गटातल्या २६ टक्के लोकांनी त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलं, म्हणजे बाकीच्यांनी निदान वर्षभर ते टाळलं. ‘व्यायामाने ऑपरेशन कायमचं टळतं’ किंवा ‘शेवटी ऑपरेशनच करायचं तर व्यायाम कशाला’, ही दोन्ही वाक्यं या आकड्यांत बसत नाहीत.

बारा आठवड्यांनंतर खुर्चीचा आकडा वाढला आणि जिना सुसह्य झाला, तर आठवड्यातून दोन दिवस हाच कार्यक्रम पुढे चालू ठेवायचा. आकडा वाढला पण दुखणं तसंच, रात्रीची झोप जातेय, घराबाहेर पडणं बंद झालंय, असं असेल तर सांधेबदलाबद्दल डॉक्टरांशी नि:संकोच बोला. तेव्हाही हे तीन महिने वाया गेलेले नसतील. सांधा बदलल्यानंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची निम्म्याहून अधिक ताकद जाते, आणि वर्षभरानंतर पेशंट किती सहज उठतो, जिना चढतो हे ऑपरेशनच्या आधी त्या स्नायूत किती ताकद होती यावर बरंच ठरतं.